दोन दारांमधली जागा

मच्छ्याच्या फाट्यावर माझं वेल्डिंगचं शेड.
मष्णू हलगेकर आला वहीच्या पानावर
गेटाचं चित्र काढून.
एक नाही, दोन गेटं. मध्ये बारा फूट.
"पहिलं बंद झाल्याबिगर
दुसरं उघडायचं न्हाई, असं कर."

देसूरला त्याचं चार खोल्यांचं घर,
समोर भाताचं खाचर, कडेला गोठा.
मी म्हटलं, मामा, म्हशीला व्हिसा लागणार काय?
हसला नाही.

वीस वर्षं त्यानं वर डोंगरात बर्फ राखलं,
आणि शेवटची तीन
परमुलखातली एक इमारत,
जिच्या गच्चीवर आपला झेंडा.
आतली फरशी आपली, बाहेरची धूळ त्यांची.
हे मला समजावून सांगावं लागलं नाही.
आम्ही इथं घरात एका भाषेत भांडतो
आणि जमिनीचा उतारा दुसरीत वाचून घेतो.

रस्ता कधी सरळ ठेवायचा नाही, म्हणाला.
सरळ रस्ता म्हणजे वेग,
आणि वेग म्हणजे तो आलाच आत.
म्हणून वळणं, म्हणून लोखंडी खुंट,
जमिनीवर गुडघाभर, जमिनीखाली पुरुषभर.
जाळीच्या पेटाऱ्यांत माती भरून थरावर थर.
गाडीखाली सरकवायची आरसा लावलेली काठी.
"हजारभर गाड्यांची पोटं बघितली मी.
तेल कुठं गळतंय ते डायवरला सांगायचो,
चहा पाजायचे बिचारे."
काचांना आतून चिकटवलेला पातळ पापुद्रा.
काच फुटली तरी जागा सोडायची नाही,
नुसती पांढरी व्हायची,
मोतीबिंदू उतरलेल्या डोळ्यासारखी.

मी विचारलं, मग झालं काय कधी?

त्यानं रॉडचा पुडा उचलला, ठेवला,
परत उचलला.

"झालं की.
मंगळवार होता. नऊ वाजायचे होते.
भिंतीनं भिंतीचं काम केलं, खुंटांनी खुंटांचं.
काच पांढरी झाली, पडली न्हाई.
आत कुणाला खरचटलंसुदीक न्हाई.
सायबांनी पाठ थोपटली माझी.

रांग तेवढी बाहेर होती."

मी ग्राइंडर बंद केला.

रांग. शिकायला निघालेल्यांची, औषधाला निघालेल्यांची,
पोराच्या काळजाला भोक आहे म्हणून
पहाटे चारपासून भिंतीला पाठ टेकून बसलेल्यांची.
भिंतीच्या त्या बाजूला,
जिकडं तोंड करून भिंत उभी केली होती.

"एक म्हातारा रोज यायचा. हिरवी फाईल.
एक कागद कमी पडायचा,
मीच परत लावायचो.
त्या दिवशी कागद पुरे होते."

मला आमच्या कचेरीचा व्हरांडा आठवला.
प्लास्टिकच्या पिशवीत उतारे धरून उकिडवी बसलेली माणसं
आणि खिडकीतून येणारं नाळे बा, नाळे बा.
उद्या ये.

रविवारी माप घ्यायला गेलो.
लगमाक्का गवताचा भारा टाकत म्हणाली,
"दोन दारं कशाला? पाव्हणा मधल्या मध्ये म्हातारा होईल."
मष्णूमामानं खडूनं जमिनीवर रेघा मारल्या.
मधल्या बारा फुटांत वर पत्रा,
एक बाकडं, एक नळ.
बाहेरच्या गेटाला कडी नाही.

मग राखण कसली, मी म्हटलं.

"आतल्याला हाय की कडी.
येईल त्यानं भिंतीच्या आत थांबावं.
एवढंच."

गेटं बसवून आता दोन पावसाळे झाले.
बैलहोंगलची बांगडीवाली तिथं भाकरी सोडते,
पोस्टमन सायकल टेकवून पत्ते लावतो,
कुणाची तरी पोरं शाळा चुकवून लपतात.
म्हैस पहिल्या दारातून शिरते
आणि दुसरं उघडेपर्यंत रवंथ करते.

परवा गेलो तर मामा बाकड्यावरून उठला,
माझ्या टेम्पोपाशी येऊन
गुडघ्यावर हात ठेवत वाकला, खाली बघितलं,
बराच वेळ बघितलं.
"सायलेन्सर सुटलाय तुझा," म्हणाला.
"बांधून घे."